भूजलाची तपासणी नाकाने होत नाही

प्रति,
मा. आयुक्त, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुणे
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय: पेट्रोल पंप, इंधन डेपो आणि इंधनवाहिन्यांच्या आसपासच्या भूजलात बेंझीन तपासण्याबाबत

महोदय,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय. दोन पत्रं लिहिली की दोन फायली होतात, आणि मग त्या एकमेकींच्या उत्तराची वाट बघत बसतात.

मी एका जिल्ह्याच्या गावी विहिरींची, बोअरची जागा दाखवायचं काम करतो. शिकलोय भूशास्त्र, पण लोक पाणाड्याच म्हणतात. माझ्या हातात नारळाऐवजी रेझिस्टिव्हिटीचं, म्हणजे जमिनीचा विद्युतरोध मोजायचं यंत्र असतं, एवढाच फरक. पाणी नाही लागलं तर शिव्या दोघांना सारख्याच.

मागच्या पावसाळ्यात एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "सर, आमच्या बोअरचा पॉइंट तुम्हीच दिला होता ना?" आमच्या धंद्यात या प्रश्नानंतर चांगलं काही ऐकायला मिळत नाही. बोअर बारा वर्षांपूर्वीचा, सव्वादोनशे फुटांचा, भर मे महिन्यातही न आटलेला. पाणी भरपूर होतं, पण त्याला वास येत होता. सगळ्यात आधी तो कळला तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंना. कुकरचं झाकण काढलं आणि घासलेटचा भपकारा आला, म्हणाल्या. घरच्यांनी त्यांनाच वेड्यात काढलं. घासलेट आता बघायला मिळत नाही, तुला वास कुठून येतो? चार दिवसांनी दुसऱ्या विंगमध्ये आंघोळीचं गरम पाणी काढताना तोच वास. मग सगळ्यांनाच येऊ लागला.

सोसायटीपासून दीडेकशे मीटरवर, चढाच्या बाजूला, एक जुना पेट्रोल पंप आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही, गावाचंही नाही. कारण पुढे सांगतो.

सेक्रेटरींनी पाणी तपासायला दिलं होतं. मिनरल वॉटरची रिकामी बाटली नळाखाली धरली, गळ्यापर्यंत भरली, आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिकीतून प्रयोगशाळेत पोचवली. अहवाल आला. सामू ठीक, क्षार ठीक, कठीणपणा थोडा जास्त पण चालण्याजोगा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, जंतू, सगळं मर्यादेत. खाली शिक्का: पिण्यायोग्य. ज्या पाण्याचा चहा कुणाला तोंडात धरवत नव्हता, त्या पाण्याला हा दाखला. प्रयोगशाळेने खोटं काही लिहिलं नव्हतं. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. पेट्रोलमधलं बेंझीन कुणी विचारलंच नव्हतं.

ते तुम्ही विचारावं, नेमाने विचारावं, वास यायच्या आधी विचारावं, यासाठी हे पत्र आहे.

पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, २०१२ ची आवृत्ती, काढून बघा. शिसं आहे, पारा आहे, आर्सेनिक आहे, कीटकनाशकांची यादी आहे. खनिज तेलाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादाही आहे. पण बेंझीनला स्वतंत्र रकाना नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, अमेरिकेने ५, युरोपीय संघाने १. बेंझीनने माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, यावर आता वाद उरलेला नाही. तरी आपल्याकडे एखाद्या गावाच्या पाण्यात ते सापडलं, तर मर्यादा ओलांडली म्हणायला मर्यादाच छापलेली नाही. मानक बदलणं तुमच्या हातात नाही, हे मला माहीत आहे. नमुन्याच्या यादीत एक ओळ वाढवणं आहे.

आता थोडा हिशेब. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलीटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅम. ते सगळं पाण्यात उतरलं असं धरलं आणि १० मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली, तर पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला टेकतं. दहा हजार लिटरचे ८७ टँकर, एका लिटर पेट्रोलमागे. प्रत्यक्षात सगळं उतरत नाही. काही मुरमातच अडकतं, काही वाफ होऊन वर जातं, काही जमिनीतले जिवाणू खातात. निम्म्याचं निम्मं धरा, तरी आकडा झोप उडवणारा आहे.

आणि गळती काही लिटराने सुरू होत नाही. सांध्यातून सेकंदाला एक थेंब पडतोय असं समजा. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर दिवसाला चार लिटरच्या वर, वर्षाला दीड हजार लिटर. पंपावरचा माणूस रोज सकाळी टाकीत डिप मारतो, म्हणजे पट्टी बुडवून पातळी बघतो. वीस हजार लिटरच्या आडव्या टाकीत मध्यावर एक मिलिमीटर म्हणजे दहा-बारा लिटर. पट्टीवरची रेघ अर्धा मिलिमीटर इकडे की तिकडे, यातच तुमची दिवसाची गळती लपून जाते. शिवाय उन्हाळ्यात पेट्रोल फुगतं, टँकर रिकामा करताना वाफ उडते, मापात फरक पडतो. या सगळ्याला पंपावर एकच शब्द आहे, 'व्हेरिएशन'. आता बऱ्याच ठिकाणी टाकीत आपोआप मोजणारे गेज बसलेत, हे चांगलं झालं. पण टाकीपासून यंत्रापर्यंत जाणारी जमिनीखालची नळी गळत असेल, तर टाकीतलं गेज पेट्रोल कमी झालं एवढंच दाखवणार. ते गिऱ्हाइकाच्या गाडीत गेलं की मुरमात, हे विक्रीच्या आकड्याशी ताळा जमवल्याशिवाय कळत नाही, आणि तो ताळा परत त्या व्हेरिएशनपाशीच येऊन थांबतो.

म्हणून शेवटचा पहारा जमिनीतल्या पाण्यातच ठेवावा लागतो. आज तो पहारा कोण देतंय? त्या काकू.

हे एका सोसायटीपुरतं नाही. २०१३ च्या जुलैमध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये घरांच्या विहिरी-बोअरमधून पाण्याऐवजी तेल यायला लागलं, तेव्हा जमिनीखालच्या वाहिनीची गळती उघड झाली. २०२१ मध्ये फलटण तालुक्यातल्या सासवडला (पुण्याजवळचं सासवड वेगळं) चोरांनी पेट्रोलवाहिनीला भोक पाडलं. पेट्रोल शेतात मुरलं आणि विहिरीत उतरलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये गोव्यात दाबोळीजवळच्या माटव्यात विहिरींना आणि ओहोळाला इंधनाचा वास आला, पाण्यावर जाळ दिसला, तेव्हा धावपळ सुरू झाली. चेन्नईत आणि गोव्यात पहिली खबर ज्यांचं पाणी नासलं त्यांनी दिली.

वास येतोच की मग, कळतंच की, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे. पेट्रोलमधल्या टोल्युइन, झायलीन यांचा वास थोड्या प्रमाणातही येतो, त्यामुळे कधीकधी नाक वेळेवर सावध करतं. बेंझीनचं तसं नाही. नाकाला कळायला ते लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असावं लागतं, आणि सुरक्षित मर्यादा मायक्रोग्रॅममध्ये आहे. मधला फरक शेकडो पटींचा. त्यात बेंझीन या मंडळींमध्ये पाण्यात सर्वांत जास्त विरघळणारं, म्हणून पाण्याबरोबर सर्वांत पुढे जाणारं. म्हणजे दीडशे मीटरवरच्या सोसायटीला वास येतो, तेव्हा तिच्याही पलीकडच्या, बिनवासाच्या विहिरीत काय असेल, हा खरा प्रश्न. त्या विहिरीचं पाणी लोक निर्धास्त पीत असतात.

या बाबतीत मला हवाईचं उदाहरण सारखं आठवतं, कारण खडक आपलाच आहे. ओआहू बेटावर रेड हिल नावाची टेकडी, लाव्हाच्या थरांची, आपल्या सह्याद्रीसारख्याच बेसॉल्टची. वयाने फार कोवळी आणि जास्त सच्छिद्र, पण जात तीच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने तिच्या पोटात इंधनाच्या वीस टाक्या खोदल्या. एकेक टाकी अडीचशे फूट उंच. सगळ्या मिळून २५ कोटी गॅलन, म्हणजे पंचाण्णव कोटी लिटरच्या आसपास. आणि टाक्यांच्या तळापासून जेमतेम शंभर फूट खाली होनोलुलू शहर जे पाणी पितं तो साठा. २०१४ मध्ये एका टाकीतून २७ हजार गॅलन इंधन गेलं. चौकश्या झाल्या, करार झाले, निरीक्षण विहिरी होत्याच, त्यात भर पडत होती. मे २०२१ मध्ये इंधनाची नळी फुटली आणि बरंचसं इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचरा-नळीत जाऊन बसलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. २० नोव्हेंबरला तीच नळी फुटली. आठवडाभराने लष्करी वसाहतीतल्या घरांत नळाला इंधनाचा वास यायला लागला. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार माणसं होती. हजारो कुटुंबांना हॉटेलांत हलवावं लागलं. मार्च २०२२ मध्ये टाक्या कायमच्या बंद करण्याचा निर्णय झाला.

एवढ्या श्रीमंत नौदलालाही शेवटी कुणाच्या तरी नाकाने सांगितलं, हे खरं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये आपली जवळची हालावा विहीर स्वतःहून बंद केली. शहराच्या पाण्याचा मोठा वाटा तिच्यातून यायचा. तिच्या पाण्यात इंधन सापडलं नव्हतं. उपसा चालू ठेवला तर खडकातून इंधन आपल्याकडे ओढलं जाईल, एवढंच कारण. पाणी कुठून कुठे जातं याचा अंदाज हाताशी होता, म्हणून आधी हात आखडता घेता आला. आमच्या सोसायटीने काय केलं? वास येतोय म्हणून पाणी 'वाहतं करायला' दोन दिवस रात्रंदिवस मोटर चालवली. कुणीतरी सल्ला दिला होता. मी नव्हतो.

राज्याचा चार-पंचमांश भाग बेसॉल्टचा आहे, हे मी तुम्हाला काय सांगणार. वर मुरूम, खाली भेगाळलेला काळा पाषाण, दोन थरांच्या सांध्यावर पाणी. वाळूत पाणी सगळीकडून हळूहळू झिरपतं; आपल्याकडे ते भेगेतून धावतं. त्यामुळे पंपाच्या अगदी शेजारची विहीर स्वच्छ आणि दोनशे मीटरवरची बाधित, असं होऊ शकतं. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून आपल्याला भागणार नाही.

आणि पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते भूजलाच्या पातळीवर साईसारखं तरंगतं. आपली पातळी वर्षभर एका जागी कुठे असते? मे महिन्यात खाली, ऑक्टोबरात कित्येक मीटर वर. पातळी उतरते तशी ही साय खाली उतरत जाते, चढते तशी वर येते, आणि जाता-येता मधल्या सगळ्या मुरमाला माखून ठेवते. काही अडकून पाण्याखाली बुडतं, काही पाण्याच्या वर कोरड्यात राहतं. सोसायटीत वास आला जुलैत, पातळी चढताना. ऑक्टोबरात पाणी वाढलं, वास गेला. तक्रार जिथे केली होती तिथून उत्तर आलं की आता वास नाही, सबब तक्रार निकाली. वास नाही हे खरं होतं. मुरमातलं माखण जागच्या जागी होतं.

मधल्या काळात मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत रीतसर नमुना पाठवला होता. रीतसर म्हणजे काय, तर ४० मिलिलीटरची काचेची गडद कुपी, काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडासुद्धा नाही, आम्लाचे थेंब घातलेले, बर्फात ठेवलेली. बुडबुडा राहिला की बेंझीन पाणी सोडून त्या हवेत जातं. डिकीतल्या बाटलीत तेच झालं असतं, बेंझीन विचारलं असतं तरी. मुंबईच्या नमुन्यात ते आलं. आकडा इथे देत नाही. एका दिवसाच्या एका नमुन्यावरून समोरच्या पंपाकडे बोट दाखवणं मला पटत नाही. चढाच्या बाजूला एक जुनं गॅरेजही आहे. पाणी कुठून कुठे वाहतं ते तीन ठिकाणची पातळी मोजल्याशिवाय कळत नाही. ती तीन भोकं पाडायला पैसे आणि परवानगी माझ्याकडे नाहीत. नावं न लिहिण्याचं कारण हेच.

पैसे आणि परवानगी तुमच्याकडे आहेत. भूजल यंत्रणा १९७२ पासून हे काम करते. राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजली जाते. तुमची माणसं गाडी काढून, टेप घेऊन गावोगाव जातच असतात. त्याच फेऱ्यांत, निवडक ठिकाणी, दोन कुप्या जास्त भरा. वर्षातून एकदा नको, चारही वेळा, कारण वर सांगितलेला चढ-उतार एका नमुन्यात दिसत नाही. फक्त एक विनंती. उघड्या विहिरीच्या वरच्या पाण्यातून नमुना घेऊन 'आढळले नाही' लिहू नका. उघड्या विहिरीतून बेंझीन उडून जातं. आणि खोल बोअरचं पाणी खालच्या भेगेतलं असतं, साय वर मुरमात. यासाठी वेगळी, अरुंद, झाकणाची निरीक्षण विंधन विहीर लागते, जिची जाळीची नळी पातळीच्या खालीवर दोन्हीकडे असेल. चढाला एक, उताराला दोन. चढाची स्वच्छ आणि उताराची बाधित निघाली, तर वाद घालायला फार जागा उरत नाही.

सगळ्या पंपांवर उद्या खोदा असं मी म्हणत नाही. सुरुवात डेपोंपासून करा: पानेवाडी, लोणी काळभोर, अकोळनेर, पाकणी, गायगाव, खापरी. तिथे गळती आहे असा माझा आरोप नाही. इंधन जिथे सर्वांत जास्त साठतं तिथे पहारा आधी, इतकं साधं आहे. कुठे कंपनीच्या आवारात निरीक्षण विहिरी असतीलच, तर त्यांचे आकडे कुंपणाबाहेर येऊ द्या. मग ज्या गावांत नळयोजनेची विहीर आणि जुना पंप एकाच ओढ्याकाठी आहेत ती गावं. कोणती, ते तलाठ्यालाही सांगता येईल. अमेरिकेत भूमिगत टाक्यांचा कायदा १९८४ चा. तिथे आजवर पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या. गळती ओळखायला भूजल तपासण्याची पद्धत तिथले नियम मान्य करतात ती पाणी २० फुटांच्या आत असेल तिथेच, कारण खोल पाण्यापर्यंत खबर पोचायला फार उशीर होतो. आपल्याकडे पावसाळ्यानंतर २० फुटांच्या आत पाणी असलेली गावं किती, ते तुमच्याच नोंदींत आहे. याद्या करायला नवा सर्व्हे नको.

एक गोष्ट घाईची आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय. ऊसवाल्या राज्यात त्याविरुद्ध बोलायची माझी छाती नाही, आणि बोलायचंही नाही. पण जमिनीत गळल्यावर जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात. तिथला प्राणवायू त्यातच संपतो, आणि बेंझीन मागे राहतं, आणखी दूर जातं. जुन्या टाक्या, नवं इंधन. कुप्यांची यादी करताना बेंझीनबरोबर टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन घ्या, आणि पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एमटीबीई हे रसायनही घ्या. अमेरिकेतल्या सांता मोनिका शहराने १९९६ मध्ये त्या एका पदार्थापायी, निम्मं पाणी जिथून यायचं त्या विहिरी गमावल्या होत्या.

पंपवाल्यांविषयीही लिहायला हवं, कारण या विषयावर बोललं की सगळे त्यांच्यावर तुटून पडतात. त्या जुन्या पंपाच्या मॅनेजरशी मी चहा पीत तासभर बोललो. टाकी बहुतेक ठिकाणी कंपनीची असते, बदलायची की नाही ते कंपनी ठरवते. डीलरने गळतीचा संशय कळवला तर पहिल्यांदा त्याची विक्री बंद होते. मग तो कशाला कळवेल? जो आपणहून लवकर कळवेल त्याला दंड नाही, साफसफाईचा खर्च टाकी ज्याची त्याच्याकडे, असं काही तुम्ही जाहीर केलंत तर अर्ध्या गळत्या डिपच्या वहीतच सापडतील. जलप्रदूषण कायद्यात, १९७४ च्या, विहिरीत घाण सोडण्याला मनाई आहे आणि भूमिगत पाणीही त्यात येतं. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियमही काढलेत. त्यात संशयित जागांची यादी जिल्ह्यातून दर सहा महिन्यांनी मंडळाकडे यायची आहे. यादीत जागा यायला कुणाला तरी संशय यावा लागतो, आणि आज तो संशय कुकरच्या झाकणाखालून येतो.

निकाल आले की ते ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या फळ्यावर लावा. चांगले आले तरी लावा. 'आढळले नाही' ही ओळ लोकांना वाचू द्या. मर्यादा आणि तपासणीची पद्धतही तिच्याखाली असू द्या.

सोसायटीचा बोअर सध्या बंद आहे. मोटर काढली, झाकणाला वेल्डिंग केलं. टँकरवर महिन्याला किती जातात हे विचारल्यावर सेक्रेटरी आकडा सांगत नाहीत, नुसते माझ्याकडे बघतात. येत्या मे महिन्यात पातळी सर्वांत खाली असताना झाकण कापून एक नमुना घ्यायचं ठरवलंय. सहा कुप्या माझ्या फ्रिजमध्ये आहेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, बायकोच्या नाराजीसह. तुमच्यापैकी कुणी माणूस पाठवणार असाल तर त्याच्यासमोर घेऊ, तीन तुम्ही न्या, तीन मी पाठवतो. माझा पत्ता आणि फोन दोन्ही कार्यालयांना वेगळा कळवला आहे.

आपला,
एक पाणाड्या